दगडांच्या वाफ्यातला भुईचाफा

आमच्या दारापुढची जमीन पहारीलाही दाद देत नसे. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता उभा राहिला होता, आणि पक्की घरं बांधून होईपर्यंत कामगारांसाठी पत्र्याच्या छपरांच्या खोल्यांच्या चार रांगा घातल्या होत्या. तिसऱ्या रांगेतली शेवटून दुसरी खोली आमची. बाबा कारखान्यात फिटर होते. कोकणातलं घर, दोन आंबे आणि भावकीतली न संपणारी भांडणं मागे टाकून ते आईला, मला आणि माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, घेऊन इथे आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईने पहिल्या दिवशी दार उघडून समोर बघितलं. पिवळट मुरूम, त्यात अर्धवट रुतलेले काळे दगड, आणि पार रेल्वेच्या रुळांपर्यंत एक बाभूळ सोडली तर झाड म्हणून नाही. "जमीन भाजून ठेवल्येय काय हो कोणी?" असं ती बाबांना म्हणाली आणि आत जाऊन चूल मांडायला लागली. तिच्या माहेरी अंगणात कुदळ मारली की पाणी लागायचं, निदान ती तसं सांगायची. माहेरच्या गोष्टी सांगताना ती खोटं बोलत नसे, फक्त थोडी वाढवून सांगत असे.

त्या खोलीचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापला की तडतडायचा, संध्याकाळी निवताना पुन्हा तडतडायचा, आणि मधल्या वेळात कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की रांगेतल्या सगळ्या बायका एकाच वेळी चुलीवर भाताचं आधण ठेवत. बाबांच्या कपड्यांना एक आंबूस, ओलसर वास यायचा. कारखान्यात बुरशी वाढवून तिच्यापासून औषध काढतात हे त्यांनी आईला समजावून सांगितलं, तेव्हा ती हसता हसता खाली बसली. "माझ्या लोणच्याला आली की मी तोंड वाकडं करून फेकते, आणि तुमचा कारखाना तिची शेती करतो! अगोदर सांगितलं असतंत तर बरणी पाठवली असती." पुढे बाळूचा कान फुटला आणि त्याच औषधाच्या सुयांनी तो बरा झाला, तेव्हापासून मात्र तिने बुरशीला नावं ठेवणं बंद केलं.

खाण्याचं म्हणाल तर आमच्या चुलीवर कोकणच शिजत होतं. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सकाळी पेज, आणि गावाहून डबा आला की सुकट. सुकट भाजली की शेजारची विमल नाक दाबून दारात येऊन उभी राहायची आणि दहा मिनिटांनी एक घास मागायची. विमल साताऱ्याकडची, माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. दुधाचा रतीब घालायला जुन्या पिंपरी गावातून हौसामावशी यायच्या. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर चुंबळीवर पितळी कासंडी. आमच्या रांगा उभ्या होत्या त्या जागी पूर्वी त्यांचं बाजरीचं रान होतं. हे त्या रडून सांगत नसत. "तुमच्या चुलीखाली आमचं खळं व्हतं, वैनी," असं म्हणून दूध मापायच्या, आणि वर एक धार जास्त घालायच्या.

आता भुईचाफ्याकडे वळते, नाहीतर माझी नात म्हणते तसं मी अळूच्या फदफद्यासारखी पसरत जाते. इथे आल्यावर पहिल्याच मे महिन्यात आम्ही आईच्या माहेरी गेलो. परत निघताना आजीने परसातल्या फणसाखालची माती उकरून पाच कंद काढले. बोटाएवढा एकेक, आणि त्याला दोऱ्यांसारख्या मुळांच्या टोकाला लोंबणारे शेंगदाण्याएवढे गोळे. ओल्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधून तिने आईच्या हातात दिली. आजीला गाडी लागायची. घाटाचं नाव काढलं तरी तिच्या पोटात ढवळायचं. आई कितीदा म्हणाली, एकदा तरी माझा संसार बघायला ये, पण ती कधी आली नाही. त्या दिवशी म्हणाली, "मी काही घाट चढून येणार नाही, बाय. हा भुईचाफा ने. दर चैत्रात येऊन जाईन तुझ्याकडे, समज." आई हसली, आणि परतीच्या सबंध प्रवासात तिने ती पुरचुंडी मांडीवरून खाली ठेवली नाही. बाळू मात्र माझ्या मांडीवर.

ज्यांनी भुईचाफा बघितला नाही त्यांना सांगायला हवं, की हे फार लहरी झाड आहे. झाड तरी कसलं, जमिनीलगतचा कंद. पावसाळ्यात त्याला कर्दळीसारखी पण बुटकी पानं येतात, पाठीमागून जांभळट. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडतात, वाळतात, आणि मग जमिनीवर काही म्हणता काही उरत नाही. सगळी थंडी नुसती माती. आणि चैत्रात, एक पान नसताना, उघड्या भुईतून थेट फूल वर येतं. पांढरं, जांभळ्या जिभेचं, भुईलाच टेकलेलं. सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मान टाकतं. वास असा की वाकून घ्यायची गरज पडत नाही. मधल्या काळात मात्र त्याच्यावर नुसता विश्वास ठेवावा लागतो, आणि मला तेव्हा तेवढंच जमत नव्हतं.

आईने पाचही कंद दारापुढे खड्डा करून लावले. पावसाळा लागला आणि मुरमाच्या त्या खड्ड्यात पाणी हौदासारखं साचलं. दोन कंद कुजले. आई चिखलात हात घालून उरलेले चाचपत बसली होती, तेव्हा हौसामावशी आल्या. कासंडी खाली ठेवून त्यांनी खड्ड्यात बोट घातलं. "वैनी, ह्यो मुरूम हाय. ह्यात पानी मुरत न्हाई, तुंबतंय. कंदाचं पाय भिजल्यालं ऱ्हात्यात मग. अवो, हितं दगुड काय कमी हायत? दगुड रचा, उंच करा, मदी माती भरा. माती म्या देते." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच गोठ्यामागची काळी, भुसभुशीत माती दोन पाट्या आणून टाकली. कारखान्याच्या पायासाठी सुरुंग लावून फोडलेले दगड पलीकडे ढिगाने पडले होते. संध्याकाळी भोंगा व्हायच्या आत आई आणि मी ते उचलून आणायचो, मोठे तिच्याकडे, छोटे माझ्याकडे. आठवडाभरात दारापुढे गुडघ्याएवढा एक उंचवटा तयार झाला. खाली मोठे दगड, त्यांच्या फटींत बारीक खडी, वर पायऱ्यांसारखे कप्पे, आणि वरच्या कप्प्यात ते तीन कंद. फटींमधून आईने थोडा गवती चहा आणि ओवा खोचला. रांगेतल्या बायका येता-जाता म्हणायच्या, "कोकणीण दगडाला पाणी घालते." आई म्हणायची, "घालते बाई. तुमच्या घरचं आणून घालत नाही ना?"

आता शहरात याला चांगली नावं आहेत. वाकडला आमच्या इमारतीखाली माळी लोकांनी पांढरे गोटे आणून असाच एक उंचवटा केला आहे आणि त्यावर पाटी लावली आहे की चढू नये. त्या गोट्यांचा भाव ऐकून मी माझ्या सुनेला म्हटलं, आम्ही हे फुकट केलं होतं, आणि त्यात जीव होता. ती बिचारी हसली. म्हातारीचं ऐकून घ्यायची तिला सवय झाली आहे.

पहिल्या चैत्रात तिन्ही कंदांना फुलं आली. आईने त्या दिवशी चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. रांगेतल्या सगळ्या बायका आल्या, स्टेशनाजवळच्या निर्वासितांच्या छावणीतून पापड विकायला येणारी सिंधी बाईसुद्धा पाटी उतरवून बसली. दगडांमधून, एक हिरवं पान नसताना उगवलेली ती फुलं बघायला सगळ्या जणी वाफ्याभोवती गोळा झाल्या. हौसामावशींनी हळद-कुंकवाची दोन बोटं फुलांच्या दगडालाही लावली. "कुनाचं म्हनायचं ह्ये?" त्यांनी विचारलं. "माझी आई आल्येय," आई म्हणाली, आणि असं म्हणताना तिचा चेहरा इतका उजळला होता की मी पन्ह्याचा पेला हातात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले. ती तशी फार कमी वेळा दिसायची.

त्याच वर्षी श्रावणात पत्र आलं. आजी गेली होती. पावसाने घाट बंद, बोटी बंद, आणि पत्र यायलाच बारा दिवस लागलेले. आई भाकऱ्या थापत होती. बाबांनी पत्र वाचून दाखवलं. तिने ऐकलं, आणि काटवटीत उरलेल्या पिठाच्या तीन भाकऱ्या थापल्या, भाजल्या, चूल विझवली. मग नळावर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. सासरी गेलेल्या लेकीला एवढ्या उशिरा कळलं की आंघोळीने सुतक फिटतं, असं कुणी जाणत्या बाईने तिला सांगितलं. "फिटलं तर," ती म्हणाली. ती रडली नाही. मी दोन-तीन दिवस तिच्याकडे चोरून बघत होते, पण नाही रडली. फक्त संध्याकाळी पाऊस उघडला की दगडांच्या वाफ्यापाशी जाऊन बसायची आणि जांभळट पानांवरचा चिखल पदराने पुसायची.

दसरा झाला, घाट सुरू झाला, आणि आई माहेरी जाऊन यायचं म्हणाली. बाळूला सोबत घेतलं. मला शाळा होती म्हणून, आणि बाबांचं जेवण कोण बघणार म्हणून, मागे ठेवलं. मी धुमसत राहिले. शेंडेफळाला सगळं माफ, हे मी तिला तोंडावर म्हटलं आणि धपाटाही खाल्ला. निघताना तिने एकच गोष्ट बजावली. "भुईचाफ्याची पानं वाळत आली आहेत. आता झोपला तो. पाणी घालू नको, हात लावू नको. चैत्रात बघू." मी मान डोलावली. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. फराळ नाही, कंदील नाही, आणि आई नाही.

आणि नेमका दिवाळीत देशावर किल्ल्यांचा हंगाम असतो. आमच्या कोकणातल्या वाडीत कुणी किल्ला करत नसे, पण इथे शाळेला सुट्टी लागली की प्रत्येक रांगेतली पोरं दगड-माती गोळा करून किल्ला बांधायची. बुरूज, दरवाजा, गुहेत मातीचा वाघ, वर महाराज, उतारावर हिरवळ दिसावी म्हणून अळीव पेरलेले. आदल्या वर्षी मला किल्ल्यावर फक्त पाणी वाहायचं काम मिळालं होतं. कोकणीण, तिला काय कळतंय, असा एकूण न्याय. त्या दिवशी विमल आमच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "शके, तुझ्या दारात तर आयता किल्ला हाय की गं! निसता बुरूज काढायचा आन् भुयार पाडायचं. पैला नंबर आपल्या रांगेचाच."

मला मोह पडला, दुसरं काही नाही. मला किल्लेदार करायचं ठरलं. आईचा शब्द मी विसरले नव्हते, हे आज लिहून ठेवते. विसरले असते तर बरं झालं असतं. मी मनाशी असा तोडगा काढला, की कंद आपण स्वतः काढायचे, नीट ठेवायचे, आणि दिवाळी झाली की परत होते तिथे लावायचे. झोपलेल्याला काय कळतंय कूस बदलली ते! मी खुरप्याने वरचा कप्पा उकरला. तिघांचे सात कंद झाले होते. ते सगळे मातीसकट एका नारळाच्या करवंटीत घातले आणि करवंटी सगळ्यात मोठ्या, चपट्या दगडावर ठेवली. मग बाबांना वाढायला घरात गेले. दुसऱ्या पाळीला जायचे होते ते. फार तर अर्धा तास लागला असेल.

परत आले तर भुयार पाडून झालं होतं, आणि दरवाजाशेजारी, मातीत काठापर्यंत रुतवलेली, पाण्याने भरलेली एक झकास विहीर होती. माझी करवंटी. "ह्यातलं काय केलंस?" मी विमलला विचारलं. "मुळं व्हय? टाकली की त्या मातीत. विहिरीबिगर किल्ला असतोय व्हय?" तिची काही चूक नव्हती. तिला मी सांगितलंच कुठे होतं? मातीचा ढीग सहा पोरांनी पायांनी तुडवून बुरुजांवर थापला होता. मी थोडं उकरलं, पोरं ओरडली, "शकी किल्ला पाडती!" आणि मी हात काढून घेतला. आमच्या रांगेचा पहिला नंबर आला. सगळी वस्ती बघायला आली आणि मी विहिरीशेजारी उभी राहून महाराजांचा दरबार समजावून सांगत होते.

तुळशीचं लग्न झालं की किल्ला फटाके लावून उडवायचा, अशी रीत. तो उडवला. माती चहूकडे विखुरली. दुसऱ्या दिवशी आई येणार म्हणून आम्ही ती घमेल्याने भरून नळाच्या ओट्यामागे, बायका भांड्यांची राख टाकायच्या तिथे, ओतून टाकली. मी चमचा घेऊन तो ढीग दोनदा उकरला. हाताला खडीशिवाय काही लागलं नाही. मग दगड आठवतील तसे परत रचले, कप्प्यात उरलेली माती भरली आणि वरून हात फिरवून सारखी केली. आई आली. बाळूला कडेवरून उतरवायच्या आधी तिने वाफ्याकडे बघितलं. "हात नाही ना लावलास?" "नाही," मी म्हटलं.

ती थंडी कशी गेली ते माझं मला माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. आई वाफ्याजवळ वाकली की माझ्या हातातलं भांडं पडायचं. एकदा तर मी डोकं चालवलं. आंबेहळदीचा कंद तसाच दिसतो, तो लावला तर पावसाळ्यात निदान पानं येतील, पुढचं पुढे. हौसामावशींकडे गेले आणि आंबेहळद मागितली. त्या गोठ्यात चारा टाकत होत्या. चाकणच्या माहेराहून आलेल्या कांद्याच्या माळा दारात टांगल्या होत्या. "आंबेहळद? कुनाला लागलं?" त्यांनी विचारलं. "मला." "कुठं?" मी तिथेच, म्हशीच्या पुढ्यात, भोकाड पसरलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाटीतली उरलेली वैरण म्हशीपुढे टाकली. मग म्हणाल्या, "आईला सांग." "मारेल." "मारंल. मग? मार दोन दिसांत जिरतोय, पोरी. ह्ये न्हाई जिरायचं." आंबेहळद त्यांनी दिली नाही. चिकाच्या दुधाचा एक वाटीभर खरवस मात्र दिला, तो मी रडत रडत सगळा खाल्ला.

तरीही मी सांगितलं नाही. फाल्गुन गेला, चैत्र लागला. आई रोज पहाटे उठून, चूल पेटवायच्या आधी, दगडांपाशी उकिडवी बसायची. एकदा मी अंथरुणातून बघितलं, तर ती त्या मातीशी अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती. गौरीच्या हळदीकुंकवाचं तिने सगळ्या रांगेला आमंत्रण दिलं होतं. "आई येईल तोवर," असं प्रत्येकीला सांगितलं होतं. वर्ष सरायच्या आत तिला आपली आई एकदा दारात हवी होती. घाट बंद असताना जे राहून गेलं होतं ते तिला त्या एका फुलापुढे बसून करायचं होतं, हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळत होतं.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी ती कैरी किसत होती आणि मी हरभऱ्याची डाळ वाटत होते. मी पाटा-वरवंट्याकडे बघतच सांगितलं. सगळं सांगितलं. करवंटी, विहीर, फटाके, आणि "नाही" म्हटलं ते. किसणीचा आवाज थांबला. मी पाठ आवळून धपाट्याची वाट बघितली. "कशात ठेवले होतेस?" तिने विचारलं. "करवंटीत." "किती होते?" "सात." "सात झाले होते," ती म्हणाली, जणू एवढंच काय ते नवीन होतं. आणि पुन्हा किसायला लागली.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. डाळ झाली, पन्हं झालं. कुणीतरी विचारलंच, "फूल नाही का हो यंदा?" मी दाराआड उभी होते. आई म्हणाली, "नाही. माझ्याच हातून गेलं. हलवायला नको होतं ते हलवलं मी." हौसामावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कुंकवाची कोयरी पुढे सरकवली. मला त्या दिवशी मार बसला असता तर मी सुटले असते. आईने मला मारलंही नाही आणि ती माझ्याशी बोललीही नाही. "बाळू, तिला जेवायला बोलाव." "बाळू, तिला म्हणावं केस विंचर." असे अकरा दिवस गेले. तिच्या मनात राग होता असं मला आज वाटत नाही. मलाच आई झाल्यावर कळलं, की काही वेळा माणसाकडे बोलायला शब्दच उरत नाहीत. पण अकरा वर्षांच्या पोरीने हे कसं ओळखावं? मला वाटलं, आता हे असंच.

बाराव्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या थापत होती. नळावर नेहमीचा गलका होता, आणि तो एकदम थांबला. मग हौसामावशींची खणखणीत हाक आली. "वैनीऽ! अवो वैनी, बिगीनं या! तुमची आई आलीया नळावर!"

आई पिठाच्या हातांनी उठली. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात काही नाही, अशी धावली. मागून मी. नळाच्या ओट्यामागे, राखेत, नारळाच्या शेंड्यांच्या चिंध्या आणि फुटक्या बांगड्यांमध्ये, जिथे पाणी पोचत नसे पण ओल झिरपत असे तिथे, उघड्या भुईतून दोन फुलं वर आली होती. एक पुरतं उमललेलं, एक अर्धं. बायका हंडे-कळशा घेऊन मागे सरकून उभ्या होत्या. नळ तसाच वाहत होता, कुणाला बंद करायचं सुचलं नव्हतं. आई राखेत बसली. तिने फुलाला हात लावला नाही, शेजारच्या मातीला लावला. आणि "आई गं!" म्हणून तिने जो हंबरडा फोडला, तो श्रावणातल्या त्या तीन भाकऱ्यांपासून अडून राहिलेला होता. हौसामावशी तिच्या पाठीशी बसल्या, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि आपणही रडायला लागल्या. सिंधी बाई रडली, विमलची आई रडली. मी लांब उभी होते. जवळ जायची माझी छाती होईना.

रडं ओसरल्यावर हौसामावशींनी डोळे पुसले. "आता हितं दगुड लावाया पायजेत. न्हाईतर कुनी पाय दील." हे ऐकलं मात्र, मी घराकडे पळाले. वाफ्यातला सगळ्यात मोठा, चपटा दगड, ज्याच्यावर मी करवंटी ठेवली होती तोच, दोन्ही हातांनी उपसून काढला. तो आणताना आईने उचलला होता, माझ्याच्याने हलत नव्हता. पोटाशी धरून, पाय फाकून, एकेक पाऊल टाकत मी नळाकडे निघाले. अर्ध्या वाटेवर मान वर केली तर आई समोरून येत होती. गालाला पीठ, कपाळाला राख. तिने दगडाखाली आपले दोन्ही हात घातले.

"हळू गो," ती म्हणाली. "पायावर पाडून घेशील."